नाक्यावरची पावती

जकात बंद झाली त्या रात्री बारा वाजता
मी आडवा बांबू वर केला
तो परत खाली घेतलाच नाही.
गुळाचा ट्रक होता. ड्रायव्हरनं सवयीनं
कागद धरून हात बाहेर काढला.
मी म्हणालो, जा की आता.

मग नाका पडून राहिला.
पत्र्याच्या सांध्यात पिंपळ, वजनकाट्याच्या खड्ड्यात पाणी,
रजिस्टरांना वाळवी.
वाळवीनं कुणालाच सूट दिली नाही.
माझी बदली इस्टेट विभागात.
म्हणजे महापालिकेचं काय काय आहे
आणि त्यातलं काय काय पडून आहे, याची यादी.
अनुक्रमांक एकेचाळीस : जुना नाका.
शेरा : वापरात नाही. अक्षर माझंच.

यल्लूबाई सातपुते आली ती पिशवीसकट,
सुभाषनगरातनं, मागं आठजणी.
"घरात ऊन येत नाही वं साहेब, तळ वाळत नाहीत.
चुलीपुढं बसून वेण्या घालतोय,
पोरांच्या वह्यांवर चामड्याचे डाग.
व्यापारी इचारतो, पत्ता काय?
बँक इचारते, पत्ता काय?
नाका द्या. पत्ता हुईल."

मला वाटलं होतं, अनुदान मागतील.

फाईल निघाली.
कोल्हापुरी पायतानाला निदान करकर असते,
फाईल चालली तर ऐकूही येत नाही.
एकदा कोरम नव्हता. एकदा आचारसंहिता.
एकदा पंचगंगा रस्त्यावर आली
तेव्हा आम्ही कपाटं वरच्या मजल्यावर नेली,
माणसं नंतर.
एका सदस्याला तिथं भाच्यासाठी जिम हवी होती.
दुसरा म्हणाला, बाजारभावानं भाडं घ्या, नियम आहे.
नियम होताच. खूण घालून मीच ठेवला होता पुढ्यात.
चार वर्षांत कधी न बोललेल्या
इंगवले बाई तेव्हा उभ्या राहिल्या :
"पडून राहिल्याचं भाडं सध्या कोण भरतंय?"
एवढंच. बसल्या.

ठराव झाला.
अकरा महिन्यांचा करार, एक नळ, एक मीटर
आणि निळ्या पाटीवर घर नंबर.
शेड त्यांनीच घातली.
ऊन तर आमच्या यादीत कधी नव्हतंच.

एवढ्यानं शहराचं नशीब पालटलं, असं मी म्हणणार नाही.
नऊतल्या दोघी सोडून गेल्या,
एकीचा नवरा म्हणाला, रस्त्यावर बसतीस.
पहिल्या दिवाळीला महाद्वारच्या दुकानदारानं
साठ जोड परत पाठवले, कान वाकडे म्हणून.
ते साठही जोड उसवले, रात्रभर. मी दिवा बघितला,
घरी जाताना, लांबनं.
आणि दर अकरा महिन्यांनी नूतनीकरण,
दर अकरा महिन्यांनी कुणाचा तरी भाचा.

पण वजनकाट्याच्या खड्ड्यात आता चामडं भिजतं.
आडव्या बांबूला जोड टांगलेत, अंगठ्याला अंगठा.
जिथं येणारं-जाणारं अडवून आम्ही घेत होतो
तिथं थांबून लोक आपणहून देतात.
आणि पोरगी तिची, शालन, खिडकीत बसते,
माझ्याच खिडकीत,
हिशेबाची वही घेऊन. वरच्या फळीवर
घरपट्टीची पावती, खिळ्याला टोचलेली,
भरलेली, वेळेत.

निवृत्त झाल्यावर गेलो एकदा.
नऊ नंबर घातला, दोन पावलं चाललो,
म्हणालो, "पन्नास तरी कमी कर की यल्लूबाई."
ती हसली. आरी खाली ठेवली, हात पुसले,
आणि टर्रकन पावती फाडली, पुऱ्या पैशांची.
"नाक्यावरनं फुकट कोण गेलंय का साहेब आजवर?"

मी दोन्ही हातांनी घेतली.
वर पत्ता छापलेला.
चष्मा घरी राहिला होता, तरी वाचला.