टाइल्सवाला फोन

बर्डीच्या गल्लीत, नंदनवारच्या दुकानी
कूलरचं पाणी अंगावर उडतं,
तरी तो घामेजून माझ्या फोनवर वाकलेला.
"काहून ठेवता बाप्पा हा?
बँक गेली, बसचं तिकीट गेलं,
आता गॅसवालाही म्हणते, तुमच्यात अ‍ॅप नाही."

स्टोअर उघडलं.
ठिपके फिरत राहिले,
मग एक टॉर्च, एक पंचांग,
आणि कुण्या पोरानं केलेली सापशिडी,
चार वर्षांत कुणी हात न लावलेली.

दोनच दुकानं उरली जगात, तो म्हणाला,
बाकीच्यांनी शटर ओढलं.

तेवढ्यात त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन.
तो हलबीत बोलू लागला, हळू,
गिऱ्हाइकाकडे पाठ करून.

मी म्हटलं, बॅटरी तेवढी बदलून दे.