पूट

काणकोणची पहाटेची कदंब,
खिडकीपाशी शाणू वेळीप.
मांडीवर फाईल. सोमवारी आणखी एक पिशवीही:
माझ्यासाठी चार किलो भिरंडांची सालं,
बिया काढलेली, अर्धी सुकलेली,
तळाला जांभळी ओल.

तीन वर्षं मी याच्याकडूनच घेते.
यंदा बांबोळीत उतरला की
तो आधी तळघरात जातो, किरणांच्या खोलीत,
मग दोन मजले चढून माझ्याकडे.
घसा. पस्तीसपैकी आज अकरावा.
चेहऱ्यावर मुखवट्याच्या जाळीचे चौकोन,
सुपावर गाल टेकून झोपलेल्या माणसासारखे.

एवढ्या जांभळ्यातून मी काढते
चिमूटभर पिवळी पूड.
ती काचेच्या थाळीतल्या पेशींना द्यायची,
मग किरण,
मग दोन आठवडे वाट. रंग घालून
उरलेले ठिपके मोजायचे.
नुसते किरण: एकसष्ट.
पूड आणि किरण: तेवीस.
तेवीस लिहिताना हात कापला, ते वहीत नाही.
पुन्हा केलं तेव्हा एकोणचाळीस. ते आहे.

शाणूने थाळी उजेडात धरली.
"ह्या कोणाच्या?"
कुणा अनोळखी माणसाच्या. तो केव्हाच गेला.
"आणि ह्या वाढतातच?"
वाढतात.
थाळी त्याने फार हळू खाली ठेवली.

मग ज्याची भीती होती तेच:
"पियेवचें न्हय गो, बाये? घरात बरणी भरून आहे."

थाळीला पोट नसतं, शाणू.
यकृत नसतं, जेवणवेळ नसते.
इथे मरतं ते माणसात मरेलच असं नाही,
आणि भलत्या वेळी घेतलेलं काही
किरणांच्या आड आलं तर?
डॉक्टरांना विचार. त्यांनाही नसेल माहीत.
शिवाय तुझा घसा आता आंबट सोसायचा नाही.
हे सगळं मी बोलले
त्याच्याच पिशवीवर हात ठेवून.

तो हसला, आवाजाऐवजी खरखर आली.
म्हणाला, एका उन्हात सोल होत नाही.
वाळवायची, तिच्याच रसात बुडवायची,
परत वाळवायची. पाच पुटं, सहा पुटं.
बायको घाई करते, एकदमच ऊन देते,
मग वरून करपते, आत कच्ची.
"खालचा मशीनवाला पोरगापण तेच म्हणतो.
थोडं थोडं. रोज."

पैसे मोजून घेतले, दहा रुपये परत केले,
साडेबाराची बस गाठायला निघाला.
जिन्यात दोनदा थांबल्याचं ऐकू आलं.

माझी बोटं संध्याकाळपर्यंत जांभळी.
नोंदवहीत 'स्रोत' म्हणून रकाना आहे,
तिथे झाडाचं नाव लिहायचं असतं, गाव लिहायचं असतं,
माणसाचं नाही.
झाड लिहिलं. काणकोण लिहिलं.
तारखेपुढे, अगदी बारीक,
कुणाला कळणार नाही असं:
अकरावा.