मु. पो.

ऊस चालू झाला की आमचा भूकंपमापक बावचळतो.
भरल्या ट्रॉल्या औसा रोडनं जातात
आणि पडद्यावरची रेघ अशी थयथयते
की जी पहाट मी पाहिलेलीच नाही
ती परत आली वाटावं.
म्हणून प्रोग्राम लिहिला. नाव 'ट्रॉली'.
कारखान्याचा हादरा वेगळा काढतो, जमिनीचा वेगळा.
पंधराशे ओळी, सगळ्यांना खुल्या:
घ्या, वापरा, जमलं तर सुधारा.
त्यातल्या अकरा इम्तियाज बागवानच्या,
ज्यानं माझी उण्याची चूक धरली
आणि चहाचे पैसेही स्वतःच दिले.

मग चिलीतल्या कुणी शोधनिबंध छापला.
तळटीप चौदा: लातूरहून मिळालेले एक सॉफ्टवेअर.
पुढं लिंक.
दाबली. पान सापडले नाही.
कसं सापडेल?
कॉलेज नव्या इमारतीत गेलं, जुना सर्व्हर भंगारात,
त्या खोलीत आता झेरॉक्स निघतात.
मी विचारलं त्यांना, चूक काढायच्या आधीची वापरलीत की नंतरची?
उत्तर आलं, नम्र, दोन ओळींचं:
माहीत नाही. तेव्हा जी होती ती.

रविवारी अण्णांना सांगितलं.
बसलिंग हालकुडे, रिटायर पोस्टमन, मु. पो. पिंपळगव्हाण,
म्हणजे नवं. जुनं ओढ्यापल्याड,
तिथं बाभळी आणि एक दगडी उंबरा.
भाकरी मोडत म्हणाले,
"आगं, मग त्यात काय. आपलं गाव तीन किलोमीटर सरकलं.
गल्ल्या गेल्या, लायनी आल्या, घरांवर आकडे पडले.
पर पुण्या-सोलापूरचे लोक पत्रावर तेच लिहायचे जुनं.
म्या वही केली.
डाव्या अंगाला नाव, उजव्या अंगाला लाईन.
घर बदललं की उजवीकडचं खोडायचं.
डावीकडं हात लावायचा न्हाई."

माझा घास हातातच राहिला.

सोमवारी 'ट्रॉली' कायमच्या भांडारात ठेवली.
शीर्षक, आवृत्ती, परवाना भरला.
लेखक: हालकुडे, कोमल; बागवान, इम्तियाज.
"अकरा ओळींचा कसला लेखक," तो म्हणाला
आणि आपल्या नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं.
मग आकडा मिळाला,
मध्ये टिंब, मध्ये तिरकी रेघ, तोंडानं म्हणता न येणारा.
पहिल्या आवृत्तीला एक, दुसरीला दुसरा.
पहिलीत उणे अजून तसंच उभं आहे.
लाज वाटते. पण झाकायचं नाही असं ठरवलं,
कुणाचं तरी गणित तिच्यावर रचलेलं असू शकतं,
आणि चुकीपर्यंतही वाट लागते.

नियमांत शेवटी बारीक अक्षरात होतं:
वस्तू काढून घेतली तरी आकडा मोडीत निघत नाही,
दुसऱ्या कुणाला दिला जात नाही,
उघडणाऱ्याला एवढंच कळतं की काहीतरी होतं.

पुढच्या रविवारी विचारलं,
जे गेले त्यांची पत्रं यायची?
अण्णांनी हात धुतले, पुसले, परत धुतले.
"वरीसभर आली. एलआयसीची बी.
उजवीकडं काय लिव्हावं कळंना.
कोरं ठिवलं तर वाटायचं, म्याच इसरलो.
मंग लिव्हलं, हितं होते."
वही पत्र्याच्या पेटीतून निघाली, वाळवीनं कडा खाल्लेली.
सातव्या पानावर आमच्या आडनावाच्या तीन ओळी.
त्यांच्यापुढं शाई जरा जास्त सांडलेली.

शेवटच्या पानावर मी डावीकडं आकडा लिहिला,
टिंब, तिरकी रेघ, सगळं.
अण्णांनी चष्मा वर सरकवला.
"आन् उजवीकडं? सध्या कुठंशी हाय ती?"
सांगितलं त्यांना.
आणि म्हटलं, तेवढं पेन्सिलीनं लिहा.