तीन तिरफळं

माझं आयुष्य लेथवर गेलं, उद्यमनगरात.
जेवताना हाताला कूलंटचा वास येतो,
असं विजयमाला म्हणायची.
आता म्हणत नाही.

फाल्गुनातल्या तापानं तिचा वास नेला.
ताप गेला, वास परतला नाही.
चैत्रात चटणीचं खोबरं कढईत करपलं
आणि ती कढईकडे पाठ करून
लसूण सोलत बसलेली.
मी धावत आलो, गॅस बंद केला.
तिनं कढईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि उरलेला लसूण सोलून पुरा केला.

यंदा बरणी भरली नाही.
तांबडा काय, पांढरा काय,
"एक तिखट पाणी, एक कोमट पाणी," म्हणते
आणि हसते, म्हणजे ओठ हलतात.

एकदा मी तैवानला गेलो होतो,
मशीन बघायला, पंधरा दिवस.
परत आलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं,
"भाकरी मिळाली का?"
नव्हती मिळाली. पण एक मासा मिळाला होता,
अख्खा, डोळ्यांसकट, वाफेवरचा,
अंगावर आल्याच्या काड्या, कांद्याची पात,
आणि वरून कडकडीत तेल ओतलं तेव्हा
चर्रर्र आवाजानं सगळं टेबल गप्प झालेलं.
हे सांगायचं राहून गेलं.
एकवीस वर्षं.

म्हणून परवा पहाटे बाजारात गेलो.
मालवणचा टेम्पो घाट चढून आलेला, बर्फ ठिबकत होतं.
"काका, तुम्ही? वहिनी कुठायत?" अमिनाबी म्हणाली.
पापलेट तिनं दोनदा उलटून दाखवलं, कल्ले उघडून,
आम्ही गिऱ्हाइकाला बेअरिंग दाखवतो तसं.

इडलीपात्रात मासा मावेना.
शेपूट कापायचा जीव होईना,
आणि शेजारच्या काकूंचं मोदकपात्र
मागायचं कुठल्या तोंडानं?
शेवटी वर्कशॉपमधून पत्रा आणला,
भोकं पाडली, कडा घासल्या, जाळी केली.
पाण्यात परसातला गवती चहा.
आलं चिरलं व्हर्नियर लावल्यासारखं.
सोया सॉसमध्ये ते साखर घालतात;
मी गुळाचा खडा घातला,
या गावात साखर घालायची म्हणजे गुऱ्हाळाचा अपमान.

"काय करालायसा?" ती दारात.
"तैवान," मी म्हणालो.

घाण्याचं शेंगतेल तापत आलं
तेव्हा डब्यात काहीतरी खडखडलं.
तिरफळं. तिच्या माहेरची, बावड्याकडची,
बांगड्याच्या आमटीसाठी ठेवलेली.
तिकडच्या तेलातही असलंच काही काळं, तडकलेलं होतं,
जीभ झिणझिणली होती, आणि मला वाटलं होतं,
सासुरवाडी इथं कशी पोचली?
तीन टाकली.

ती जेवत होती कामावर हजेरी लावावी तशी.
मग थांबली. बोट ओठाला लावलं.
"मुंग्या," म्हणाली.
"कुठं?"
"जिभेच्या टोकाला. थांबा, बोलू नका."
मी बोललो नाही.
पंखा तेवढा खडखडत राहिला,
त्याचं बुश बदलायचं आहे कधीपासून.

"वास नाही आलेला," तिनं सांगून टाकलं,
मी आशेला लागायच्या आत.
"पण दाराशी कुणीतरी येऊन गेलं."
मग म्हणाली, मीठ जास्त झालंय,
त्या काळ्या पाण्यात मीठ असतं,
वरून पुन्हा कशाला घातलंत?
मग दोन बोटांत मधला काटा धरून
एका ओढीत अख्खा उचलला, एक दाणा मांस न सोडता.
मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही असं काम.

खालची बाजू स्वतःच्या ताटात घेत तिनं विचारलं,
"भाकरी नव्हती, तर तिथं ह्याच्यासंगं काय खाल्लंसा?"

"भात," मी म्हणालो. "चिकट. काड्यांनी."

"काड्यांनी?"