चौथा बोल्ट

गंगापूर धरणाच्या काठाला, सावरगावच्या अंगाला,
होडी चार टायरांवर ठेवली आहे.
शीड घरी, पलंगाखाली.
डोलकाठी आडवी, बाभळीला टेकवलेली.
मी डेकवर गुडघे टेकून,
आणि बरोबर माझ्या पोटाखाली, केबिनच्या काळोखात,
मुश्ताक कोकणी, अंबडला तीस वर्षं फिटर,
उताणा पडून नट धरून आहे.

आमच्या मध्ये बोटभर जाडीचं फायबर.
तो दिसत नाही. त्याचा आवाज
बोल्टातून वर येतो.

"फिरवू?"
"थांब."
"आता?"
"अरे, नट राहू दे, इथे मीच फिरतोय."

एका क्लीटचे चार बोल्ट.
दोन मुकाट आले, तिसरा किंचाळत.
चौथ्याला काल रात्री डिझेल आणि ब्रेक ऑइल
ड्रॉपरने सोडलं होतं, तान्ह्याच्या नाकात सोडतात तसं.
सकाळी तेल जिथल्या तिथे,
वर एक मुंगी मेलेली.

"गोड्या पाण्यात एवढं कसं धरलं?" खालून.
मी सांगतो, होडी मूळची मांडव्याची.
ट्रकवर बसून कसाऱ्याचा घाट चढली,
इगतपुरीला धुक्यात उभी राहिली चहापुरती.
घोटीच्या टोलवर विचारलं, माल काय?
ड्रायव्हर म्हणाला, काही नाही, रिकामी आहे.
रिकामी कसली.
आट्याआट्यात समुद्र होता.

चहासाठी आणलेलं थर्मासमधलं पाणी
मी बोल्टच्या डोक्यावर ओततो.
जानेवारीतल्या थंडीत वाफ निघते, तेवढीच मजा.
मुश्ताक म्हणतो, "आता आवळ."
"आवळू?"
"सुटत नाही ना? मग आधी आवळ. केसभर."

मी आवळतो, शिव्या देत.
कुठल्या गाढवानं बसवला हा,
काय बैल बांधायचा होता का इथे,
त्याच्या हातात पाना दिला कोणी.
खालून मुश्ताक दोन घालतो, मालेगावच्या ठेवणीतल्या.

मग टक्.
मोठा आवाज नाही. बोट मोडल्यासारखा.
"आला," तो म्हणतो, "आला, आला, धरू नकोस."

क्लीट उचलून घेतला.
खाली पांढरी भुकटी,
आणि सुकून रबर झालेल्या सीलंटवर
एक अंगठा उमटलेला, स्वच्छ,
मधोमध आडवी रेघ,
नारळ खवताना विळीवर कापल्याची.

मी माझा अंगठा त्यावर ठेवून बघितला.
गरज नव्हती.

पहिल्याच वर्षी, वळवाच्या वाऱ्यात
होडी दोर तोडून पलीकडे गेली होती,
आत माझी रेवती होती, नऊ वर्षांची,
खेळ समजून हात हलवत.
दुसऱ्या दिवशी मी हा क्लीट बसवला.
काटकसर म्हणून जुनेच बोल्ट.
आणि पाना आखूड वाटला
म्हणून त्यावर नळाचा पाइप चढवून,
दोन्ही पाय रोवून,
पुन्हा. आणि पुन्हा.

"गप्प का झालास?"

भोकातून वाकून पाहतो.
खाली मुश्ताकचा एक डोळा, त्यावर रुपयाएवढं ऊन.
बोल्ट त्यानं जिभेला लावलाय.
"खारट आहे रे अजून," तो म्हणतो.
"गाढव सापडला का?"

"होता कोणीतरी."

"असू दे. बोळा लाव त्या भोकाला,
डोळ्यात येतंय माझ्या."