घट

कारखान्यातून लादी निघते दीडशे किलोची,
मासळी बाजारात पोचते एकशे चाळीस.
मधल्या दहा किलोला आम्ही घट म्हणतो.
वहीत तिचा वेगळा रकाना असतो,
आणि तीस वर्षांत त्या रकान्यावरून
ना शेठनं भांडण काढलं, ना कोळणींनी.
रस्त्यात गळतं ते रस्त्याचं.

डिसेंबरात पाच लाद्या रंकाळ्यावर टाकायला सांगितल्या.
हिवाळी महोत्सव. बर्फाची म्हैस करायची होती.
खाली गोणपाट, वर भुसा, पुन्हा गोणपाट,
आणि टेम्पो लांबच्या रस्त्यानं घातला,
पापाच्या तिकटीला थांबणं या मालाला परवडत नाही.

करणारा निवास कुंभार, बापट कॅम्पातला.
सगळा जन्म गणपतीत गेलेला,
पटाशी-हातोडी सुताराकडनं मागून आणलेली.
सही करताना रकाना वाचून म्हणाला,
"घट? हे तर आमचं काम की."
मग लादीवर हात ठेवला, झटकन काढला.
"इलाहीभाई, मातीला लावत लावत जायचं असतंय.
हिचं नुसतं काढतच जायचं?
चुकलं तर थापायला काहीच न्हाई?"
मी म्हटलं, चुकलं तर थोडा थांब,
आपोआप जाईल.

प्रत्येक लादीच्या पोटात पांढरा पट्टा असतो.
कडेनं पाणी गोठत येतं, हवा आत आत पळते,
शेवटी मधोमध कोंडून बसते.
गिऱ्हाईक त्याला खराब बर्फ म्हणतं.
निवासनं बॅटरी मारून बराच वेळ बघितलं,
मग एकटाच हसला:
"गाभण हाय की ही."

सातला दिवे लागले. जांभळे.
माइकवरून सांगत होते, आज पारा चौदावर!
माणसं स्वेटरात, कानटोप्यांत, हातात भाजलेली कणसं
आणि म्हैस घामाघूम.
दिवेवाल्याला दोनदा सांगितलं, लांब घे बाबा.
तो म्हणाला, फोटोत अंधार येतोय.

डोळे निवासनं सगळ्यात शेवटी काढले होते, सवयीनं.
सगळ्यात आधी तेच गेले.

सव्वाआठला डावा कान पडला.
खासबागेत कुणी चितपट व्हावं तसे लोक ओरडले.
एका पोरानं तो उचलून उसाच्या रसात टाकला
आणि निवासकडं बघत बघत प्याला.
निवासनं विचारलं, "गोड हाय का?"

नऊला शिंगं. मग पाठ खचली.
गर्दी पाळण्यांकडं सरकली.
मी म्हटलं, तुला काय नवीन,
तुझं सगळं दरवर्षी पाण्यातच जातंय.
तो ओल्या फडक्यानं तिची मान पुसत होता.
"त्यांना आम्ही घिऊन जातो," म्हणाला.
"ही बसल्या जागी चाललीया."

गोणपाटं न्यायची म्हणून टेम्पोतच झोपलो.
उजाडता उजाडता उठलो, तळ्यावर धुकं,
मांडव अर्धा सोडलेला.
म्हैस नव्हती.
ओल्या गोणपाटावर तो पांढरा पट्टा उरलेला,
हातभर, बुळबुळीत,
पाय पोटाशी घेतल्यासारखा.

गंगावेशीत धारा देऊन म्हशी परत चालल्या होत्या.
त्यातली एक थांबली.
हुंगलं.
मग चाटायला लागली,
मानेपासून खाली, सावकाश, जोर लावून,
जसं त्या चाटतात.
तातोबा गवळ्यानं एकदा कासरा ओढला,
दुसऱ्यांदा ओढला नाही.
बिडी काढली, पेटवली नाही.
निवास टेम्पोच्या पायरीवर उकिडवा,
मी तिघांकडं बघत उभा.

दुपारी शेठनं वही मागितली.
पाच लाद्या. साडेसातशे किलो.
घटीच्या रकान्यावर पेन टेकवून बसलो,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
तेवढ्यात निवासचा फोन:
"गोणपाटं वाळत घातल्यात पत्र्यावर.
रात्रीच्या आत घिऊन जावा,
दंव पडतंय."