चाळीस मायक्रॉनचा खेळ

उद्यमबागेत एकवीस वर्षं मायक्रोमीटर धरलाय मी.
शाफ्ट येतो, मापते,
पास म्हणते किंवा लाल खडू मारते.
आता मला, मालन मुतगेकरला,
एक गाडी पास करायची आहे.

दोन आहेत.
पांढरी अनगोळच्या बँकवाल्याची, सहा वर्षांची,
सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
चावी फिरवली की चालू होते,
वळवली की वळते.
उतरले तेव्हा मला आठवेना
तिच्यात बसून मी कुठवर गेले होते.

लाल खानापूरची, पंधराला टेकलेली.
मालक रोझारिओ मास्तर. गुडघे गेले म्हणून विकताहेत.
'क्लच दाबवत नाही,' म्हणाले,
'म्हणून. नाहीतर नाही.'

जांबोटी मागं पडली
आणि तिसरा गिअर असा पडला
जशी चांगल्या रीमरनं घेतलेल्या भोकात
पिन उतरते, आपल्याच वजनानं,
आवाज न करता.
रस्ता हाताला कळत होता,
खडी कुठं, डांबर कुठं, काल ट्रॅक्टर कुठं फिरला.
कणकुंबीच्या अलीकडच्या वळणावर
मी काहीतरी सांगत होते, ते अर्धंच राहिलं.
मागून नागोजी म्हणाला, हळू.
काटा पन्नासच्या खाली होता.

मलसर्ज मेस्त्री पोतं टाकून गाडीखाली सरकला.
पाय तेवढे बाहेर, आणि आवाज:
'गाडी चलो ऐतरी, अक्का.
खर्च भाळ ऐतरी.'
रॅक पाझरतोय, अठ्ठावीस हजार,
तोही पुण्याहून, मिळाला तर.
बेल्ट कधी बदलला, मास्तरांना आठवत नाही.
एसीचं नाव काढू नका.
आणि दिवाळीनंतर आरटीओत नव्यानं पासिंग.

नागोजी पतसंस्थेत खाती लिहितो.
कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं रेघ मारली.
पांढरी: किलोमीटरला साडेपाच.
लाल: अकरा, पुढं प्रश्नचिन्ह.
खाली एकच शब्द: धारवाड.
पोरगी तिथं नर्सिंगला आहे.
रात्री दोनला फोन आला
तर गाडीनं चालू व्हायला पाहिजे,
तिला वळणं कशी जमतात ते तेव्हा कोण विचारतंय?
त्याचं चूक नाही.
खरं मला त्या रात्री झोप लागली नाही.

नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगते,
शाफ्ट आणि बेअरिंग एकाच मापाचे केलेत
तर दोन्ही मरतील.
मध्ये चाळीस मायक्रॉन सोडा, तेल तिथं राहतं.
जास्त झालं की ठोकतं, कमी झालं की धरतं.
त्या फटीला खेळ म्हणायचं.
पोरं हसतात. खेळ, अक्का?
होय की. खेळ.

कॅलेंडरवर तो रकाना नव्हता.
माझ्याही कुठल्या कागदावर नव्हता.
घर, दुसरं रेल्वे गेट, फॅक्टरी,
फॅक्टरी, दुसरं रेल्वे गेट, घर.

रविवारी एप्रनच्या खिशातला खडू काढून
पांढरीच्या नावापुढं धरला.
मारण्यासारखं तिच्यात काही नाही.
हीच तर पंचाईत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना फोन केला.
रॅकचे अठ्ठावीस कमी करा म्हटलं.
पलीकडं बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या.
मग म्हणाले, 'अठरा.
आणि महिन्यातून एकदा मला कणकुंबीपर्यंत न्यायचं.
शेजारच्या सीटवर.
तिथं गुडघ्यांना काही काम नसतं.'

नागोजीनं लिहिलं: उणे अठरा.
थोडं थांबून: अधिक मास्तर.
मग पेनाचं टोक धारवाडवर ठेवलं
आणि माझ्याकडं बघितलं.

बेल्ट उद्याच बदलू, मी म्हटलं,
पुण्याला फोन मी करते.
तो हो म्हणाला नाही.
पेन तेवढं माझ्या बाजूला सरकवलं,
टोपण न लावता.